कलर प्रूफ: फिल्मच्या पुराव्यापासून सॉफ्टवेअरच्या अंदाजापर्यंत

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीचे दिवस नागपुरातल्या ऑफसेट प्रेसांसाठी धामधुमीचे असतात. दीक्षाभूमीवरच्या दुकानांसाठी पुस्तकं, कॅलेंडर, पोस्टर एकीकडे आणि दिवाळीचे मिठाईचे डबे दुसरीकडे. या दिवसांत हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे, ‘भाऊ, हा निळा नाही हो, जांभळा आला.’ तक्रार खरी असते. स्क्रीनवर झगमगणारा निळा सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) शाईतून निघतच नाही. दोन्ही शाया पूर्ण भरल्या की रंग जांभळ्याकडे झुकतो आणि मशीनवर मॅजेंटा जरा चढला की आणखी बिघडतो. हे छापून झाल्यावर कळलं तर कागद, शाई आणि रात्रपाळी सगळं पाण्यात. आधी कळलं तर फाइलमधला मॅजेंटा कमी करून भागतं.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा रंगाचा नमुना, काढायचं ते यासाठीच. त्यासाठी आज सॉफ्टवेअर घ्यायला निघालेल्या प्रेसमालकाने प्रूफचा इतिहास माहीत करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण आजच्या पॅकेजमधल्या जवळपास प्रत्येक सोयीमागे जुन्या पद्धतीची एखादी उणीव आहे.

सगळ्यात जुनं ते मशीन प्रूफ. प्लेटा बनवायच्या, मशीनवर चढवायच्या, शाई-पाण्याचा मेळ बसवायचा आणि एकेक रंग वाढवत ताव काढायचे. नुसता पिवळा, त्यावर मॅजेंटा, मग सायन, मग काळा. या तावांना प्रोग्रेसिव्ह म्हणत. ते समोर ठेवून मशीनमन प्रत्येक रंगाची शाई किती सोडायची ते ठरवत असे. याहून खरं प्रूफ आजही नाही, कारण शाई तीच, कागद तोच. पण ग्राहकाने एक दुरुस्ती सांगितली की प्रत्येक रंगाची फिल्म, तिच्यावरून होणारी प्लेट, मशीन हा सगळा खर्च पुन्हा.

तो वाचवण्यासाठी थेट फिल्मवरून प्रूफ काढण्याच्या पद्धती आल्या. थ्री-एम कंपनीच्या कलर की मध्ये चार रंगांचे चार पारदर्शक पापुद्रे एकावर एक ठेवून पाहायचे. चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके जागेवर आहेत का ते कळायचं, रंग मात्र पापुद्र्यांच्या काचेरी थरांमुळे फसवायचा. ड्यूपाँटने १९७२ मध्ये आणलेल्या क्रोमॅलिनने मोठी मजल मारली. कागदावर एक चिकट, प्रकाशाला संवेदनशील थर बसवायचा आणि त्यावर पॉझिटिव्ह फिल्म ठेवून प्रकाश द्यायचा. जिथे प्रकाश पडला तिथला चिकटपणा जातो, जिथे ठिपक्यामुळे पडला नाही तिथे तो राहतो. मग रंगाची कोरडी भुकटी फिरवायची. ती चिकट ठिपक्यांवरच बसते. चार रंगांसाठी हेच चार वेळा करायचं. थ्री-एमचं मॅचप्रिंट याच घराण्यातलं, फक्त भुकटीऐवजी रंगीत थर.

या प्रूफांची खरी ताकद एका गोष्टीत होती. ज्या फिल्मवरून प्लेट व्हायची त्याच फिल्मवरून प्रूफ निघायचं. ठिपका तुटला असेल, केस पडला असेल, ठिपक्यांच्या ओळींचा (स्क्रीनचा) कोन चुकून जाळीसारखी नको ती नक्षी उठत असेल, तर ते प्रूफवर दिसायचंच. त्या अर्थी प्रूफ हा पुरावा होता. पण रंग ड्यूपाँटचे किंवा थ्री-एमचे, आपल्या मशीनवरचे नव्हेत. ग्राहकाने चकचकीत क्रोमॅलिनवर सही करायची आणि बिनचकाकीच्या मॅप्लिथो कागदावर तसाच रंग मागायचा, यावरून वाद व्हायचे.

जर्मनीत भरणाऱ्या द्रुपा या छपाईच्या प्रदर्शनात १९९५ मध्ये संगणकावरून थेट प्लेट बनवणारी यंत्रं, म्हणजे सीटीपी, जोरात पुढे आली. पुढच्या काळात फिल्म गेली आणि तिच्याबरोबर फिल्मवरचं प्रूफही गेलं. उरला इंकजेट प्रिंटर. त्याच्या शाया वेगळ्या, कागद वेगळा, ठिपके बसवायची रीत वेगळी. त्याने ऑफसेटची नक्कल करायची तर मध्ये कोणीतरी हिशोब करायला हवा. तो हिशोब म्हणजे प्रूफिंग सॉफ्टवेअर.

हिशोबाची भाषा आधीच तयार होती. डोळ्याला रंग कसा दिसतो हे आकड्यांत मांडणारी लॅब (L*a*b*) पद्धत १९७६ ची. अडोबी, ॲपल, आगफा, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे कंपन्यांनी १९९३ मध्ये आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम) ही संस्था स्थापन केली आणि प्रत्येक यंत्राच्या रंगांची ओळख एका फाइलमध्ये बांधायची रीत पडली. तीच प्रोफाइल. छपाई कशी असावी याचं मानक, आयएसओ १२६४७-२, १९९६ मध्ये आलं आणि प्रूफचं स्वतःचं मानक, १२६४७-७, २००७ मध्ये. आता प्रूफच्या कडेला रंगांच्या चौकटींची पट्टी छापतात. फोग्रा या जर्मन छपाई-संशोधन संस्थेच्या पट्टीत अशा ७२ चौकटी असतात. त्या मोजून ठरवलेल्या आकड्यांपासूनचा फरक काढतात. प्रूफच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत डेल्टा ई २००० या रंगफरकाच्या सूत्राने मोजलेला सरासरी फरक २.५ पर्यंत आणि सगळ्यात मोठा ५ पर्यंत चालतो. ‘मला बरोबर वाटतंय’ आणि ‘मला नाही वाटत’ या भांडणाला पहिल्यांदाच तिसरा साक्षीदार मिळाला.

जीएमजी कलरप्रूफ, बेस्टकलरच्या परंपरेतून ईएफआयकडे आलेलं फायरी एक्सएफ, सीजीएसचं ओरिस ही प्रूफिंग सॉफ्टवेअरची नावं याच काळात घडली. तिन्हींची मुळं जर्मनीत. मूळ काम तिघांचंही एकच: छपाईचे आकडे घ्यायचे, प्रिंटरचे आकडे घ्यायचे, फरक मोजून फेऱ्याफेऱ्यांनी तो कमी करत आणायचा. म्हणून निवडताना त्यांच्या नावांवर वाद घालण्यापेक्षा समोर कोणते आकडे ठेवणार हे आधी ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. फोग्रा३९ हा फोग्राचा आर्टपेपरसाठीचा आकड्यांचा संच निवडला आणि आपलं मशीन त्याच्या जवळपासही छापत नसेल, तर प्रूफ उत्तम निघेल आणि माल वेगळा निघेल. जुना क्रोमॅलिनचा वाद पुन्हा उभा.

नागपुरात हा मुद्दा जास्त बोचतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. एसी नसलेल्या मशीनरूममध्ये शाई पातळ पडते, कोरड्या हवेत कागद ओलावा सोडतो, पाण्याचा मेळ सारखा हलतो. ५० टक्के जागा भरणारा ठिपका छापताना ६५ च्या आसपास फुगेल असं धरून प्रोफाइल बांधली आणि उन्हाळ्यात तो ७२ वर गेला, तर सॉफ्टवेअर काय करणार? मशीन आधी स्थिर करायचं, मग मोजायचं आणि ऋतू पालटला की पुन्हा मोजायचं. हा खर्च पॅकेजच्या किमतीतच धरावा.

कागदाचंही तसंच. बाजारातला पांढराशुभ्र आर्टपेपर चमक आणणाऱ्या रसायनांमुळे निळसर दिसतो. जुन्या मोजणीत ती चमक नीट पकडली जात नसे. २००९ मध्ये मोजणीच्या मानकात ती चमक धरणारी एम१ ही पद्धत आली आणि २०१५ चं फोग्रा५१ तिच्यावर बेतलेलं आहे. आपलं मोजणीयंत्र एम१ देत नसेल तर नव्या पॅकेजचा अर्धा फायदा वाया. प्रूफ पाहायचा प्रकाशही ५००० केल्विनचा, म्हणजे डी५० नावाचा प्रमाणित प्रकाश हवा. काउंटरवरच्या पांढऱ्या एलईडीखाली घेतलेल्या सहीचा मशीनजवळ उपयोग नाही.

फिल्मबरोबर गेलेला तो पुरावा परत मिळवायचा एक मार्ग आहे. काही पॅकेजेस प्लेटसाठी तयार झालेली ठिपक्यांचीच फाइल घेऊन तीच प्रूफवर उतरवतात. टसर साडीच्या कॅटलॉगमध्ये विणीवर जाळी उठणार का, हे नेहमीच्या इंकजेट प्रूफवर दिसत नाही, इथे दिसतं. कापडाचं काम करणाऱ्या प्रेसला हे हवंच. फक्त पत्रिका आणि बिलबुकं छापणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. स्क्रीनवरचं प्रूफही आता चांगलं झालंय, पण मॉनिटर नियमित मोजला जात असेल तरच, आणि ग्राहकाकडचा मॉनिटर तसा असेल ही अपेक्षा धरू नये.

विक्रेता आला की त्याला आपल्याच मशीनवर, आपल्याच कागदावर छापलेला चाचणी फर्मा द्यावा आणि त्यावरून प्रूफ जुळवून दाखवायला सांगावं. पट्टी आपल्यासमोर मोजून घ्यावी. तीच फाइल दोन आठवड्यांनी पुन्हा काढून दोन्ही प्रूफांमधला फरकही मोजावा.