प्रोग्राम ठेवलाय कुठे आणि उभा आहे कुठे

प्रोग्राम आणि त्याची डेटा फाइल एकाच फोल्डरात आहेत. डबल-क्लिक केलं की सगळं सुरळीत चालतं. तोच प्रोग्राम विंडोजच्या टास्क शेड्युलरला (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीला) लावला की 'फाइल सापडत नाही'. फाइल जागेवरच असते. प्रोग्राम मात्र या वेळी विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरात उभा असतो. नुसतं फाइलचं नाव दिलं, तर ते प्रोग्राम साठवलेल्या जागेला जोडलं जात नाही, चालू डिरेक्टरीला, म्हणजे प्रोग्राम त्या क्षणी ज्या फोल्डरात उभा आहे त्याला, जोडलं जातं. ही डिरेक्टरी प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामची, असते आणि ती प्रोसेस सुरू करणाऱ्याकडून वारशाने येते.

हा वारसा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाळपणातला. बेल लॅब्जमधल्या पीडीपी-७ या संगणकावर १९६९ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रणालीत आजच्यासारखे तिरक्या रेघांचे पाथ (फाइलचे पत्ते) नव्हते. फाइलचं नाव म्हणजे चालू डिरेक्टरीतलंच नाव. डिरेक्टरी बदलायला 'सीएचडीआयआर' ही साधी आज्ञा होती. पुढे नवी प्रोसेस निर्माण करणारं 'फोर्क' आलं, प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र प्रोसेस मिळू लागली आणि ही आज्ञा चालेनाशी झाली. बराच कोड तपासल्यावर उलगडा झाला, तो युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक डेनिस रिची यांनी नंतर लिहून ठेवला आहे: आज्ञा आपलं काम चोख करत होती, पण स्वतःच्या प्रोसेसची डिरेक्टरी बदलून लगेच संपत होती. तिला सुरू करणारा पालक शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) होता तिथेच. म्हणून ती आज्ञा शेलच्या आत घ्यावी लागली. आजची डिरेक्टरी बदलणारी 'सीडी' शेलमध्येच असते ती यामुळेच.

एमएस-डॉस २.० मध्ये (१९८३) फोल्डर आले, पण इथे प्रत्येक ड्राइव्हची चालू डिरेक्टरी वेगळी. 'पाथ' या फोल्डरांच्या यादीमधून कुठलाही प्रोग्राम चालवता येई आणि तुम्ही मात्र आपल्याच फोल्डरात राहत असा. एडिटरसाठी हे सोयीचंच. पण प्रोग्रामला स्वतःच्या शेजारची फाइल हवी असली तर पंचाईत: प्रोग्रामचा स्वतःचा पूर्ण पत्ता त्याला पुरवायची सोय डॉस ३.० पासून आली.

विंडोजने गोंधळ झाकला. शॉर्टकटमधला 'स्टार्ट इन' रकाना बहुतेकदा प्रोग्रामच्याच फोल्डरने भरलेला असतो, त्यामुळे दोन्ही जागा एकच वाटतात. 'ओपन'चा डायलॉग तर फाइल निवडताना चालू डिरेक्टरीच बदलू शकतो. सकाळी चालणारा प्रोग्राम दुपारी अडतो, त्यामागे कधी कधी एवढंच असतं. डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडच्या फाइल) शोधतानाही चालू फोल्डर पाहिला जाई. एक्सपी सर्व्हिस पॅक २ ने (२००४) त्याला रांगेत सिस्टिम फोल्डरांच्या मागे ढकललं, रांगेतून काढलं नाही. नेटवर्कवरच्या फोल्डरात दस्तऐवजाशेजारी बनावट डीएलएल ठेवायचा हल्ला त्यातूनच शक्य झाला आणि ऑगस्ट २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला सावधगिरीची सूचना काढावी लागली.

लिनक्सवर डीमन (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम) मुद्दाम मूळ डिरेक्टरीत जातात. नाहीतर ते उभे असलेली डिस्क अनमाउंट करताना (प्रणालीपासून सोडवताना) 'बिझी' म्हणून अडते. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन ती वापरकर्त्याच्या होम फोल्डरात सुरू करतो, तर सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या सिस्टिम सेवा मूळ डिरेक्टरीत सुरू होतात.

प्रोग्रामचा स्वतःचा पत्ता विंडोजवर 'गेटमॉड्यूलफाइलनेम' देतं, लिनक्सवर 'प्रॉक'खालच्या 'सेल्फ'मधली 'एक्झे' ही लिंक. प्रोग्रामला त्याचं नाव म्हणून मिळणाऱ्या पहिल्या आर्ग्युमेंटवर विसंबू नये, ते बोलावणारा काहीही देऊ शकतो. काही जण सुरुवातीलाच स्वतःच्या फोल्डरात 'सीडी' करतात. तसं केलं की वापरकर्त्याने दिलेली सापेक्ष (पूर्ण पाथ नसलेली) नावं चुकीच्या जागी शोधली जातात, शिवाय चालू डिरेक्टरी साधारणपणे प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या सगळ्या थ्रेडांची मिळून एकच असते. त्यापेक्षा आपल्या फाइलचा पूर्ण पाथ जोडून घ्यावा आणि डिरेक्टरीला हात लावू नये.