येऊरचा बिबट्या आणि लिंबावरची राणी पाकोळी

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात पायवाटेवर पहाटे ओल्या मातीत चार बोटांचा ठसा उमटलेला दिसतो. नखांची खूण नसते, कारण बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. त्याच डोंगराच्या पायथ्याला, घोडबंदर रस्त्यालगतच्या एखाद्या परसातल्या लिंबावर राणी पाकोळी या फुलपाखराची अळी वाढते. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याची विष्ठा वाटते. मोठी झाल्यावर हिरवी होते आणि डिवचली की डोक्यामागून उग्र वासाचं लालसर शिंग बाहेर काढते.

१७५८ साली निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने जगभरची सगळी फुलपाखरं 'पॅपिलिओ' या एकाच प्रजातीत, म्हणजे जातींच्या एका गटात, घातली, आणि सिंह, वाघ, बिबट्या, घरचं मांजर सगळ्यांना 'फेलिस'मध्ये. पुढे बिबट्या 'पँथेरा'त गेला. राणी पाकोळीचं शास्त्रीय नाव क्रेमर या डच अभ्यासकाने १७७५ मध्ये ठेवलं, पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर, आणि ती आजही तिथेच आहे. दोघंही प्राणिसृष्टीतलेच, पण वर्गीकरणातल्या 'संघ' या पुढच्याच पायरीपासून वाटा फुटतात. पाकोळी संधिपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांची, कीटक वर्गातली. बिबट्या कणा असलेला, सस्तन, मार्जार कुळातला.

संवर्धनाचं चित्र मात्र मला कोड्यात टाकतं. बिबट्याचा मुलूख आफ्रिकेपासून रशियाच्या अतिपूर्व भागापर्यंत पसरलेला. तरी धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत तो २००८ साली 'संकटसमीप' होता आणि २०१६ मध्ये 'असुरक्षित' ठरला. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे यादीत, आहे. पाकोळीचा मुख्य मुलूख पश्चिम घाट, दक्षिण भारत आणि श्रीलंका एवढाच, तरी बागांत ती सहज दिसते. म्हणजे मुलूख किती मोठा यावर सुरक्षितता ठरत नाही. बिबट्याला भक्ष्य लागतं, दडायला जागा लागते, आणि त्याच्या कातड्यावर शिकाऱ्याचा डोळा असतो. पाकोळीला लिंबाच्या जातीचं झाड मिळालं की पुरतं.

२०१५ मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखरू केलं. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. राज्यप्राणी शेकरू आधीपासून होताच. पण मान मिळाला म्हणून अनुसूचीत जागा मिळत नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही.

आमच्या सोसायटीत माळीदादा पानं कुरतडलेली दिसली की फवारणी करायचे. यंदा एक लिंबू त्यांनी तसंच सोडलंय. त्याच्या खालच्या फांदीवर आज तीन अळ्या आहेत.