गिटार टॅबलेखन, संगणकावरील

गिटार टॅबलेखन : गिटारची कोणती तार कोणत्या पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबायची, हे आकड्यांनी लिहून ठेवण्याची पद्धत. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा. सर्वांत वरची रेघ पातळ पहिल्या तारेची, तळाची जाड सहाव्या तारेची. रेघेवरचा आकडा पडद्याचा आणि शून्य म्हणजे मोकळी तार. टॅब स्वराचे नाव सांगत नाही, बोट कुठे पडते ते सांगतो. त्याचा सारा उपयोग यात आहे आणि संगणकावर लिहिताना होणारे बहुतेक घोळही इथूनच सुरू होतात.

युरोपात ही रीत ल्यूट या तंतुवाद्यामुळे रुळली. व्हेनिसचा मुद्रक पेत्रुच्ची याने १५०७ साली ल्यूटचे टॅब छापले. संगीत लिहून ठेवणे मराठवाड्याला त्याहून जुने आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात चाली स्वराक्षरांत मांडल्या आहेत आणि वाद्याध्यायात पडद्यांच्या किन्नरी वीणेचे वर्णन आहे. तिथपासून भातखंडे लिपीपर्यंत आपण स्वर लिहीत आलो. म्हणून लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये मुलाच्या वहीत सरगम असते, पण ती गिटारवर कुठून वाजवायची हे गुरुजींच्या हाताकडे पाहूनच कळते. टॅब ही उणीव भरून काढतो, सरगमची जागा मात्र घेत नाही. दोन्ही एकाखाली एक लिहावेत.

टॅबसाठी गिटार प्रो हे विकतचे, तर टक्सगिटार आणि म्यूझस्कोअर ही मोफत सॉफ्टवेअर वापरात आहेत. स्टुडिओत रेकॉर्डिंग क्युबेस, लॉजिक, रीपर अशा सॉफ्टवेअरवर होते आणि तिथली चाल बहुधा मिडी फाइलमधून टॅबकडे येते. मिडी हा १९८३ सालचा संकेत. कोणता स्वर, किती जोरात, किती वेळ, एवढे त्यात असते. तारेची नोंद नसते. गिटारवर एकच स्वर अनेक जागी सापडतो. मोकळ्या पहिल्या तारेचा ‘ई’ दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या पडद्यावरही तोच. यातली जागा सॉफ्टवेअर अंदाजाने निवडते.

भूपाची सरळ चाल घ्या : सा रे ग प ध सां. सा पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर धरला, तर मिडीतून येणारा टॅब पुष्कळदा रे साठी चौथी आणि प साठी तिसरी तार मोकळी सोडतो. स्वर बरोबर, पण ‘ग’वरून ‘प’वर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) घ्यायची तर हात अडतो, कारण मोकळ्या तारेवर मींड येऊन संपवता येत नाही. हाताने लिहिलेला टॅब असा : पाचव्या तारेवर ३, ५, चौथीवर २, ५, तिसरीवर २, ५. आता ग-प ही मींड चौथ्या तारेवर २ वरून ५ कडे सरळ घसरते आणि दोन आकड्यांमध्ये तिरपी रेघ काढली की काम झाले. म्हणून मिडीतून आलेला टॅब कच्चा खर्डा समजावा. गिटार मांडीवर घेऊन एकेक आकडा वाजवून पाहिल्याखेरीज तो कोणाला देऊ नये. म्युझिकएक्सएमएल फाइलमध्ये तार आणि पडदा दोन्ही नोंदवता येतात. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात टॅब न्यायचा असेल तर तीच फाइल बरी.

गायकाची पट्टी हा आपल्याकडचा खास प्रश्न. भजनी मंडळात कोणी ‘सी शार्प’ म्हणत नाही, ‘काळी एक’, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, म्हणतात. गिटारवाल्याची यात मोठी सोय आहे. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) पहिल्या पडद्यावर लावला की काळी एकला सीचे, काळी दोनला डीचे, काळी चारला जीचे आणि काळी पाचला एचे कॉर्डचे आकार (बोटांची मांडणी) चालतात. फक्त काळी तीनला कॅपो दुसऱ्या पडद्यावर न्यावा आणि ईचे आकार धरावेत. सॉफ्टवेअरमध्ये कॅपोची जागा भरली की आकडे कॅपोपासून मोजले जातात आणि आवाज खऱ्या पट्टीत येतो.

ताल भरताना दादरा सहा मात्रांचा, केरवा आठांचा, त्यात फारसे अडत नाही. रूपकाच्या सात मात्रा मात्र तीन-दोन-दोन अशाच बांधाव्या लागतात. सॉफ्टवेअरने वेगळी जोडणी केली असेल तर ती बदलून घ्यावी, नाहीतर वाचणाऱ्याचा ठेका चुकतो.

गाण्याचे शब्द देवनागरीत टॅबखाली बसवता येतात. म्यूझस्कोअरमध्ये कंट्रोल-एल दाबून अक्षर लिहायचे आणि हायफन दिला की पुढच्या स्वराखाली जाता येते. ‘विठ्ठल’ हा शब्द वि-ठ्ठ-ल असा तोडावा. जोडाक्षर मधेच फोडले तर पाय मोडलेला ठ् उघडा पडतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. डीटीपीच्या जुन्या फाँटमधून उचललेले शब्द इथे अगम्य चिन्हे होऊन उमटतात. साध्या अक्षरांत टाइप केलेला टॅब व्हॉट्सॲपवर पाठवला की रेघा सरकतात, कारण तिथली अक्षरे सारख्या रुंदीची नसतात. शिष्यांना पीडीएफ पाठवावी आणि ज्याला चाल संथ करून ऐकायची आहे त्याला मूळ फाइलही द्यावी.