एकाच नाकपुडीचं दुखणं

दिवाळीआधी पंचवटीतल्या आमच्या मिस्त्रींकडे जुन्या वाड्याची एक सागवानी तुळई आली होती. तिचं टेबल व्हायचं होतं. वरचा काळा थर सँडरने, म्हणजे घासायच्या यंत्राने, उतरला की आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघतं आणि पिठासारखी बारीक पूड मिस्त्रींच्या मिशांवर, पापण्यांवर बसते. तोंडाला रुमाल. सर्दी झालीय का विचारलं तर म्हणाले, "उजवी नाकपुडी बंदच असते, ताई. दोन महिने झाले. हाड वाढलं असेल."

असेलही. पण 'एकाच बाजूला' आणि 'दोन महिने' हे ऐकून मी चहा खाली ठेवला.

डोकं-मानेचा कॅन्सर म्हटलं की आपल्याला गुटखा, मिश्री, गाल-जीभ आठवतात. ते खरंच आहे. या भागातले शंभरातले नव्वदेक कॅन्सर आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचे असतात. उरलेल्यांची गोष्ट निराळी. त्यातल्या एकाचा तंबाखूशी फारसा संबंधच नाही, त्याचं नातं लाकडाशी आहे.

इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्यांसाठी प्रसिद्ध गाव. तिथल्या कान-नाक-घसा सर्जन एस्मे हॅडफिल्ड यांच्याकडे नाकाच्या एका दुर्मीळ कॅन्सरचे रुग्ण येत, आणि त्यात फर्निचर कामगारच फार. 1968 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत ही माहिती प्रसिद्ध केली. 1995 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात घातलं. तंबाखूही त्याच गटात आहे. बीच, ओक अशा कठीण लाकडांबाबत पुरावा सर्वांत भक्कम.

भुशाचे जाड कण नाकातले केस अडवतात. सँडरची पूड त्यांना चकवून वर जाते आणि दोन डोळ्यांच्या मधल्या पोकळ्यांच्या तोंडाशी साचते. तिथलं अस्तर वर्षानुवर्षं चिडत राहतं आणि हळूहळू रूपच पालटतं. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो आतड्याचा वाटावा, इतका! धुळीशी गाठ पडल्यापासून आजार उघड व्हायला तीस-चाळीस वर्षंही जातात, म्हणून म्हातारपणी कुणाला रंध्याची आठवणही येत नाही.

सुरुवातीच्या तक्रारी अगदी किरकोळ: नाक चोंदणं, मधूनच रक्त. मग ओळखायचं कसं? नाशकातल्या थंडीत सकाळी स्टीलचा चपटा चमचा नाकाखाली धरून श्वास सोडा. वाफेचे दोन ठसे उमटतात. डॉक्टरही अशाच गार पट्टीने पाहतात. एक ठसा लहान आला तर लगेच घाबरू नका. निरोगी नाकातही दर काही तासांनी एक बाजू थोडी सुजते, दुसरी मोकळी होते. हे चक्र जर्मन डॉक्टर कायझर यांनी 1895 मध्ये नोंदवलं. आपले योगी त्याला स्वर बदलणं म्हणत आले आहेत. काळजी करायची ती स्वर बदलतच नसेल तर. एकच बाजू आठवडेच्या आठवडे बंद, त्यातूनच रक्त, डोळ्याला सूज किंवा वास न येणं, असं असेल तर दुर्बिणीने नाक पाहून घ्यायलाच हवं.

हीच एका बाजूची खूण इतरत्रही कामी येते. मोठ्या माणसाचा एकच कान सर्दी नसताना दडा बसल्यासारखा राहिला तर नाकामागचा घसा पाहतात. तिथला कॅन्सर आपल्याकडे विरळा, नागालँडमध्ये मात्र बराच. कानाखाली लाळग्रंथीत न दुखणारी गाठ आली तर ती बहुधा साधी असते, पण त्याच बाजूचा चेहरा वाकडा होऊ लागला तर नाही, कारण चेहऱ्याची नस त्या ग्रंथीतूनच जाते. लाळग्रंथीचा एक कॅन्सर तर नसांच्या कडेकडेने सरकतो आणि दहा वर्षांनंतरही फुप्फुसात उगवू शकतो. गंमत म्हणजे ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता जास्त. टाळूवरच्या वाटाण्याएवढ्या गाठीला म्हणूनच जपायचं.

मिस्त्री दुर्बीण करून आले. मऊ, साधा कोंब दिसत होता, तरी डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवलाच. एकाच बाजूचा कोंब तसा सोडत नाहीत. रिपोर्ट चांगला आला. सँडरला आता धूळ ओढणारी नळी जोडली आहे, झाडण्याआधी पाणी शिंपडतात. एन-९५ मास्कही आणलाय, पण तो अजून खिळ्यालाच टांगलेला असतो, आणि तोंडावर तोच रुमाल.