केबल काढली की चालतो, लावली की निळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची पतसंस्था. सकाळी पासवर्ड टाकला की पडदा निळा आणि कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू. "लाइन कमीजास्त होऊन राहिली न भाऊ," असं म्हणत त्यांनी स्टॅबिलायझर बदलला, मग रॅमही. हा खर्च वाया गेला याचं मला खरंच वाईट वाटतं. नेटवर्कची केबल काढून लॉगिन केलं, तर मशीन छान चाललं.

शोध घेतला तेव्हा त्यात दोन अँटिव्हायरस सापडले. एक जुना, मुदत संपलेला पण न काढलेला, दुसरा नवा.

अँटिव्हायरस साध्या प्रोग्रॅमसारखा वर वर चालत नाही. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला जोडून काम करणारा छोटा प्रोग्रॅम, विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये बसतो आणि उघडणारी प्रत्येक फाइल आधी तपासतो. तपासायला त्यालाही ती फाइल उघडावी लागते. आता दुसऱ्याला वाटतं, कुणीतरी फाइल उघडली, तपासली पाहिजे! शेतात जागलीला दोघं गेले, एकमेकांना ठाऊक नाही. एकाची चाहूल दुसऱ्याला रानडुकराची वाटते, तसंच हे.

अशा एकात एक अडकलेल्या कामांची नोंद कर्नेल 'स्टॅक' नावाच्या जागेत ठेवतो. ती फार तोकडी असते: ३२ बिट विंडोजमध्ये १२ केबी, ६४ बिटमध्ये २४ केबी. लॉगिन होताच सर्व्हरवरच्या फाइली उघडू लागतात, त्यासाठी नेटवर्कच्या ड्रायव्हरांचे थरही त्याच जागेत येतात. जागा संपते. साधा प्रोग्रॅम कोसळला तर तेवढाच बंद पडतो. कर्नेलमध्ये चूक झाली तर माहिती बिघडू नये म्हणून विंडोज सगळंच थांबवते. निळ्या पडद्यावर 0x0000007F हा आकडा दिसला, तर हा संशय जरूर घ्या.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख कॉम्प्युटर असेच बंद पाडले. कारण वेगळं होतं, पण जागा तीच, कर्नेल.

इथे आम्ही सेफ मोडमध्ये गेलो, कारण तिथे मोजकेच ड्रायव्हर चढतात. जुना अँटिव्हायरस त्याच्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने काढला. कंट्रोल पॅनलमधून काढल्यावर पुष्कळदा ड्रायव्हर मागे उरतो. म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एफएलटीएमसी' (fltmc) ही कमांड दिली. फाइलींवर नजर ठेवणाऱ्या ड्रायव्हरांची यादी त्यात दिसते. जुन्याचं नाव गेलं होतं. मग केबल लावली, पासवर्ड टाकला, आणि खातेवही उघडली.