गावाचा आराखडा आणि पाण्याचा ताळेबंद : पार्श्वभूमी

हवामानबदलाला तोंड देण्याचा खर्च गावानेच ठरवावा, असे आता सगळेच म्हणतात. महाराष्ट्रात या म्हणण्याला दोन वेगळ्या वाटांनी बळ मिळाले: ग्रामपंचायतीच्या हाती थेट पैसा येऊ लागला आणि गावे पाणी मोजू लागली. या दोन वाटा अजूनही नीट एकत्र आलेल्या नाहीत.

सहभागी अंदाजपत्रकाचा, म्हणजे सार्वजनिक पैसा कशावर खर्च करायचा हे नागरिकांनी मिळून ठरवण्याच्या पद्धतीचा, उगम ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहरात 1989 साली झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. केरळने 1996 पासून राज्याच्या नियोजनातील मोठा हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपवला, तर पुण्यात 2006 च्या सुमारास प्रभागांतील नागरिकांकडून कामे सुचवून घेण्यास सुरुवात झाली. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र खरा बदल चौदाव्या वित्त आयोगाने केला. 2015 ते 2020 या काळासाठी देशभरातील ग्रामपंचायतींना सुमारे 2 लाख कोटी रुपयांची शिफारस झाली, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा वाटा वगळून निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर आला आणि त्याच्या विनियोगासाठी राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने आराखडे तयार होऊ लागले.

पहिल्या काही वर्षांत या पैशातून झालेली कामे पाहिली, तर पेव्हर ब्लॉक, सिमेंट रस्ते आणि गावाच्या प्रवेशद्वारावरील कमानी यांचे प्रमाण डोळ्यांत भरते. त्यासाठी केवळ सरपंचांना दोष देणे योग्य नाही. ज्या कामाचे मोजमाप सोपे आणि देयक लवकर निघते, ते काम आराखड्यात वर सरकते, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंतचे मृद्‌संधारण या दोन्ही कसोट्यांवर मागे पडते.

पंधराव्या वित्त आयोगाच्या काळातील बंधित निधीचा, म्हणजे ठरावीक कामांसाठीच वापरता येणाऱ्या निधीचा, निर्णय या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो, आणि सर्वाधिक वाद त्यावरच आहे. 2020-21 मध्ये निम्मा, तर 2021-22 पासून 60 टक्के निधी बंधित झाला. त्यातील अर्धा स्वच्छतेसाठी आणि अर्धा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संकलन व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी ठेवावयाचा होता. निर्णयाच्या समर्थकांचे म्हणणे असे की, बंधन नसते तर पाण्याला पैसा मिळालाच नसता, आणि कमानींचा अनुभव पाहता ते खोडून काढणे कठीण आहे. तरीही बंधित शीर्षाखाली जे ‘पाणी’ आहे ते मुख्यतः नळाचे आहे. शिवारातील बांधबंदिस्ती, चाऱ्याची सोय किंवा अवकाळी पावसात काढणीचा माल ठेवण्यासाठी शेड यांना उरलेल्या 40 टक्के अबंधित निधीतच जागा शोधावी लागते. त्यातच 2021 मध्ये पथदिव्यांची थकीत वीजबिले वित्त आयोगाच्या निधीतून भरण्याचे आदेश निघाले आणि अनेक सरपंचांनी त्याला उघड विरोध केला. शिवाय या वेळी जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला प्रत्येकी 10 टक्के वाटा परत मिळाला. ग्रामसभेने ठरवावे असे म्हणत ठरवण्याजोगी रक्कम आक्रसत नेली गेली, हा आक्षेप त्यामुळे निराधार ठरत नाही.

गोंधळात भर घालतो तो ‘अंदाजपत्रक’ हा शब्द. ग्रामपंचायतीच्या वार्षिक जमाखर्चाला अंदाजपत्रक म्हणतात, अभियंता एखाद्या बंधाऱ्याचा खर्च काढतो तेही अंदाजपत्रकच, आणि आता पाण्याच्या हिशोबालाही जलअंदाजपत्रक म्हटले जाते. ‘अंदाजपत्रक झालं का?’ असे गावात कोणी विचारले, तर बहुधा त्याला अभियंत्याचा कागद हवा असतो. ‘लोकसहभाग’ या शब्दाचेही असेच झाले. पाणीयोजनांसाठी 10 टक्के लोकवर्गणीची अट आल्यापासून सहभाग म्हणजे वर्गणी, हा अर्थ लोकांच्या मनात इतका पक्का बसला की, निर्णयातील सहभाग वेगळा समजावून सांगावा लागतो.

पाण्याच्या हिशोबासाठी ‘ताळेबंद’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण त्यात पाऊस पडून गेल्यानंतरची शिल्लक मांडलेली असते. हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. 800 हेक्टरांच्या शिवारात 500 मिलिमीटर पाऊस झाला, तर 4,000 टीसीएम (हजार घनमीटर), म्हणजे 40 लाख घनमीटर पाणी पडले. त्यातून बाष्पीभवन आणि वाहून गेलेले पाणी वजा करायचे, मग माणसे, जनावरे आणि खरीप यांचा वाटा बाजूला काढायचा, आणि जे राहील त्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवायचे. हिवरे बाजारने हा हिशोब ग्रामसभेत मांडण्याची प्रथा रुजवली आणि ऊस, केळी व शेतीसाठीच्या कूपनलिका यांवर स्वतःहून बंदी घातली. जलयुक्त शिवार अभियानाने डिसेंबर 2014 पासून ताळेबंद गावोगावी नेला खरा, पण 9,600 कोटींहून अधिक खर्चानंतर भूजलाची स्थिती फारशी सुधारली नसल्याचे लेखापरीक्षणात 2020 मध्ये नोंदवले गेले.

मराठवाडा, विदर्भ, जळगाव आणि पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा यांतील पाच हजारांहून अधिक गावांत 2018 पासून राबवलेल्या हवामान अनुकूल कृषी प्रकल्पात ग्राम समित्यांनी सूक्ष्म नियोजन केले आणि पाण्याचा हिशोबही मांडला. मोठा खर्च मात्र ठिबक, शेततळे यांसारख्या वैयक्तिक लाभांच्या अनुदानावर झाला. अस्तरीकरण केलेले शेततळे विहिरीतून उपसा करून भरले जाते, तेव्हा ताळेबंदातील साठा वाढत नाही. सामायिक भूजल एकाच्या नावावर जमा होते. ज्या ग्रामसभेने ताळेबंद मान्य केला, तिला हे रोखण्याचा अधिकार या रचनेत नव्हता.

विशेष म्हणजे दोन्ही कामांचा हंगाम एकच आहे. पुढील वर्षाच्या आराखड्याची ग्रामसभा 2 ऑक्टोबरपासून सुरू होते आणि पाऊस ओसरल्यावर पाण्याचा हिशोबही त्याच सुमारास लागतो. आराखडा मात्र ऑनलाइन प्रणालीत ठरलेल्या विषयांच्या यादीतून कामे निवडून भरला जातो. 2021 नंतर या विषयांत ‘जलसमृद्ध गाव’ आणि ‘स्वच्छ व हरित गाव’ यांची भर पडली. ताळेबंदातील तूट कोणत्या कामाने भरून निघणार, हे लिहिण्यासाठी मात्र त्यात वेगळा रकाना आलेला नाही.