खेळाडूविषयीचा क्रश

प्रत्यक्ष ओळख नसलेल्या नामांकित खेळाडूबद्दल मनात उत्पन्न होणारी प्रेमाची एकतर्फी ओढ. 'जीव जडणे', 'लट्टू होणे', 'फिदा असणे' हे मराठीतील जुने वाक्प्रचार. नागपूरकडे 'पोट्टी (मुलगी) पागल आहे त्याच्यावर' असे सर्रास म्हणतात. 'क्रश' हा इंग्रजी शब्द आता ती भावना आणि ती जिच्याविषयी आहे ती व्यक्ती, अशा दोन्ही अर्थांनी रुळला असून दुसऱ्या अर्थी त्याचे लिंग व्यक्तीप्रमाणे बदलते ('माझा क्रश', 'माझी क्रश').

व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. 'क्रश'चा मूळ अर्थ चिरडणे. प्रेमविषयक अर्थ अमेरिकी बोलभाषेत १८८४ च्या सुमारास आढळतो. मन चिरडून टाकणारी भावना म्हणून हा अर्थ थेट आला, असे एक मत. कोशकार एरिक पार्ट्रिज यांच्या मते मात्र तो 'मॅश' (कुस्करणे) या शब्दाचा पर्याय असावा; 'मॅश'लाही त्याच काळात मोहित करणे, मोहित होणे असा अर्थ आला होता. अमेरिकी लेखक चार्ल्स लेलँड यांनी 'मॅश'चे मूळ रोमानी (जिप्सी लोकांच्या) भाषेतील भुरळ घालणे या अर्थाच्या शब्दात शोधले. रोमानी ही भारतीय-आर्य कुळातील भाषा असल्याने हे मत आपल्याला आकर्षक वाटते. तथापि त्याला ध्वनिसाम्यापलीकडे फारसा आधार दिसत नाही. दोन समानार्थी क्रियापदांपैकी एकाचा लाक्षणिक अर्थ दुसऱ्याने उचलणे भाषेत नेहमीचे आहे. त्यामुळे पार्ट्रिज यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये अशा एकतर्फी नात्याला 'पॅरासोशल' (परासामाजिक) ही संज्ञा दिली. त्यांच्यासमोर प्रामुख्याने प्रेक्षकाकडे पाहून बोलणारे दूरचित्रवाणीचे सूत्रसंचालक होते. खेळाडू कॅमेऱ्याकडे पाहत नाही. तो चेंडूकडे पाहतो. म्हणून ही उपपत्ती त्याला जशीच्या तशी लागू करता येत नाही. खेळाडूचा थकवा, संताप, बाद झाल्यावरची मान खाली घातलेली चाल हे सारे अभिनयाविना दिसते, आणि जीव बहुधा तिथेच जडतो. मॅककचन, लँग व हूरन यांनी २००२ मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीत अशा ओढीचे तीन स्तर आहेत : रंजन व गप्पागोष्टी, उत्कट वैयक्तिक गुंतवणूक आणि विकृतीच्या सीमेवरील आसक्ती. बहुतेकांची ओढ पहिल्या स्तरावरच राहते. पौगंडावस्थेत ती नकाराच्या भीतीवाचून प्रेमभावनेची ओळख करून देते. घरच्यांनी ती थट्टेवारी नेऊ नये.

क्रिकेटमधील बहुचर्चित उदाहरण १९६० मधील मुंबई कसोटीचे. ब्रेबॉर्न स्टेडियमवर अर्धशतकानंतर अब्बास अली बेग यांच्या गालाचे एका तरुणीने मैदानात येऊन चुंबन घेतले.

नागपुरात पहिली कसोटी ऑक्टोबर १९६९ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर झाली. न्यूझीलंडने ती जिंकली. हे मैदान भरवस्तीत. हिस्लॉप महाविद्यालयही त्याच परिसरात. छायाचित्रांत पाहिलेला चेहरा सीमारेषेवर हाकेच्या अंतरावर उभा दिसणे हा अनुभव या मैदानाने दिला. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकात सुनील गावसकर यांनी येथेच आपले एकमेव एकदिवसीय शतक (नाबाद १०३) केले. त्याच सामन्यात चेतन शर्मा यांनी त्रिक्रम (हॅटट्रिक) साधला. २००८ पासून कसोटी सामने वर्धा मार्गावरील जामठ्याला गेले. शहर आणि मैदान यांत अंतर पडले, आणि आवडत्या खेळाडूच्या ओझरत्या दर्शनासाठी सोनेगाव विमानतळ व हॉटेलांची फाटके महत्त्वाची ठरली. सौरव गांगुली यांची अखेरची कसोटी (नोव्हेंबर २००८) जामठ्याचीच.

महिला खेळाडूंविषयीची ओढ मुलांप्रमाणे मुलींतही आढळते. एप्रिल २०१८ मध्ये इंग्लंडविरुद्ध नागपुरातील एकदिवसीय सामन्यात सांगलीच्या स्मृती मानधना यांनी ८६ धावा केल्या. भारताने तो सामना एका गड्याने जिंकला.

गावच्याच खेळाडूविषयीची भावना सहसा वेगळी असते. खापरखेड्याचे उमेश यादव हे 'आपला पोट्टा'. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुख यांच्याबाबत लेकीचे कौतुक हाच शब्द योग्य. त्याला क्रश म्हणता येणार नाही.